एक जनुक, दोन डॉक्टर

माणसाच्या सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर टीएनएफ नावाचं एक जनुक आहे. लांबी जेमतेम तीन हजार अक्षरं, म्हणजे मानवी जनुकांत ठेंगणंच. पण शास्त्रज्ञांनी आजवर सर्वाधिक अभ्यासलेली जनुकं कोणती याचा हिशेब ‘नेचर’ने 2017 मध्ये छापला, तेव्हा कर्करोगाशी निगडित टीपी53 च्या खालोखाल हेच होतं. त्यावरून शरीर जे प्रथिन बनवतं त्याचं पूर्ण नाव ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर. जंतूची चाहूल लागली की मॅक्रोफेज पेशी हे प्रथिन सोडतात. ते ज्या पेशीला जाऊन चिकटतं तिला त्यातून हुकूम मिळतो : दाह सुरू कर, मदत बोलाव, प्रसंगी मरून जा. ताप चढतो, भूक मरते, सांधा सुजतो, या सगळ्यांत त्याचा हात असतो.

गेल्या पंचवीसएक वर्षांत हेच प्रथिन बांधून टाकणारी इंजेक्शनं संधिवातावर दिली जाऊ लागली. ती द्यावीत का, कोणाला द्यावीत, किती काळ द्यावीत, हा वाद माझ्या ओळखीच्या एका घरात कायम चालू असतो. मामा मिरजेला हयातभर छातीचे डॉक्टर होते; भाची पुण्यात संधिवाताची डॉक्टर आहे. दोघांच्या परवानगीने, नावं वगळून, त्यांचं बोलणं इथे देतो. मधेमधे मी बोललो आहे ते वाचकाला दुवा मिळावा म्हणून, आणि एकदोन ठिकाणी राहवलं नाही म्हणून.

मामा : माझं म्हणणं साधं आहे. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. आणि याच देशात तुम्ही टीबीला अडवून धरणारं प्रथिन बंद पाडता.

भाची : तुमच्या या भीतीची किंमत माझे पेशंट मोजतात, मामा. मागच्या पावसाळ्यात तासगावहून एक बाई आल्या. द्राक्षबागेत विरळणीला जातात. घडातले नको ते मणी कात्रीने काढायचे, दिवसभर कात्रीची उघडझाप. सकाळी उठल्यावर दोन तास त्यांची मूठ वळत नव्हती. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या मुळाशी सूज, नुसतं दाबलं तरी डोळ्यांत पाणी. त्यांना कोणीतरी सांगितलेलं, ‘त्या इंजेक्शनाने टीबी होतो, भानगडीत पडू नका.’ मग तीन वर्षं स्टेरॉइड आणि दुखणं थांबवायच्या गोळ्या. मी एक्स-रे काढला तर हाडांच्या कडा कुरतडलेल्या. कुरतडलेलं हाड कुठलंही औषध भरून देत नाही.

मामा : तीन वर्षं स्टेरॉइडवर ठेवलं हे चूकच. स्टेरॉइडनेही टीबी उफाळतो, ते मी कोणाला शिकवायला नको. पण टीएनएफची गोष्ट वेगळी आहे. हे प्रथिन सापडलं तेच टीबीच्या लसीच्या संगतीत. 1975 साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये लॉइड ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना बीसीजी टोचली, नंतर जिवाणूंच्या भित्तिकेतलं विष दिलं, आणि त्या उंदरांचं रक्तद्रव कर्करोगाच्या गाठी असलेल्या दुसऱ्या उंदरांना दिलं. गाठी आतून मरून काळ्या पडल्या. त्यावरून नाव पडलं. म्हणजे टीबीच्या कुळातल्या जंतूशी झुंजायला सज्ज झालेलं शरीर जे बनवतं, तेच हे.

भाची : त्याच गोष्टीचा दुसरा भाग तुम्ही नेहमी गाळता. रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी वेगळ्याच प्रश्नामागे होते. ट्रिपॅनोसोम नावाचे परजीवी अंगात मोजकेच असतात, तरी जनावर खंगत खंगत मरतं, ते कशाने? खंगवणारं द्रव्य त्यांनी आणि ब्रूस ब्यूटलर यांनी वेगळं काढलं, त्याला कॅकेक्टिन म्हटलं. 1985 मध्ये कळलं की कॅकेक्टिन आणि टीएनएफ एकच आहे. तुमचं रक्षण करणारं प्रथिन मर्यादेबाहेर गेलं तर प्राणी मारतं. तुमच्या टीबीच्या पेशंटचं वजन घटतं त्यातही त्याचा वाटा असतोच.

मामा : असतो. ते मी नाकारत नाही.

भाची : शरीरालाही हा धोका ठाऊक आहे, म्हणूनच त्याने या जनुकावर किती बंधनं घातलीत बघा. जनुकाचा संदेश नेणाऱ्या आरएनएच्या शेपटाशी ए आणि यू या अक्षरांची एक खूण असते. ती खूण असली की पेशी तो संदेश थोड्याच वेळात मोडून टाकते. काम झालं, संदेश संपला. ग्रीसमध्ये जॉर्ज कोलियास यांच्या प्रयोगशाळेने उंदरांतून फक्त तेवढी खूण काढली. 1999 ची गोष्ट. प्रथिन तेच, त्याची घडण तीच, फक्त संदेश जास्त वेळ टिकू लागला. त्या उंदरांचे सांधे धरले आणि आतड्याला क्रोहनच्या आजारासारखी सूज आली. बाहेरून ना जंतू, ना दुखापत. माझ्या पेशंटच्या सांध्यात जे चालतं ते याहून फार वेगळं नाही. थांबायला हवा तो हुकूम थांबत नाही. मी तो बंद पाडत नाही, खाली आणते.

इथे मला दोघांनाही थांबवावंसं वाटलं, कारण ‘बंद पाडणं’ आणि ‘खाली आणणं’ या दोन शब्दप्रयोगांवर ते अडकून बसतील अशी चिन्हं होती. आधी हे औषध आलं कसं ते सांगायला हवं. सेरामी-ब्यूटलर यांच्या कामानंतर सगळ्यांना वाटलं होतं की टीएनएफ रोखलं तर रक्तात जंतू पसरून होणाऱ्या सेप्सिसचे रुग्ण वाचतील. नव्वदच्या दशकात चाचण्या झाल्या आणि त्या फसल्या. एका चाचणीत तर औषधाचा मोठा डोस मिळालेले रुग्ण अधिक दगावले. जंतू अंगात मोकाट असताना हे प्रथिन काढून घेणं किती महागात पडतं, याचा इशारा तिथेच मिळाला होता. त्याच सुमारास लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी हे दोघं संधिवाताच्या रुग्णांच्या सांध्यातलं अस्तर प्रयोगशाळेत वाढवून पाहत होते. तिथे दाह घडवणारी अनेक द्रव्यं एकाच वेळी सापडत. त्यातलं एक अडवून काय उपयोग, बाकीची आहेतच, असं बहुतेकांचं मत होतं. फेल्डमन-मैनींनी टीएनएफ अडवलं आणि बाकीची द्रव्यंही उतरली. 1992 मध्ये चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये पहिल्या रुग्णांना टीएनएफ बांधून ठेवणारं प्रतिपिंड दिलं गेलं, आणि पडून राहिलेली माणसं काही दिवसांतच हलू-फिरू लागली. 1998 मध्ये अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅब आणि एटानरसेप्ट बाजारात आली, 2002 च्या शेवटच्या दिवशी अडॅलिमुमॅबला मंजुरी मिळाली. औषधाच्या इतिहासात इतक्या सरळ तर्काने हाती आलेली यशं थोडी आहेत, आणि ते यश मला मनापासून थोर वाटतं. मामांनाही वाटतं. म्हणूनच त्यांचं पुढचं बोलणं जड आहे.

मामा : मैनींबद्दल मला आदरच आहे. पण लंडनमध्ये टीबी किती? 2001 साली जोसेफ कीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत आलेल्या तक्रारी तपासल्या. इन्फ्लिक्सिमॅबनंतर टीबी झालेले 70 रुग्ण. त्यातले 64 अशा देशांतले, जिथे टीबी दुर्मीळ. निम्म्यांना पहिल्या 12 आठवड्यांतच झाला. आता विचार कर, इतक्या लवकर होतो म्हणजे जंतू नव्याने आलेला नाही. तो आधीपासून आत होता. आणि 70 पैकी 40 जणांना फुफ्फुसाबाहेरचा टीबी होता. सर्वसाधारण टीबी असा वागत नाही.

भाची : ग्रॅन्युलोमा फुटला म्हणून.

मामा : तेच. आणि तो काय असतो हे तुझ्या पेशंटना कोणी सांगत नाही. टीबीचा जंतू फुफ्फुसात गेला की बहुतेक वेळा शरीर त्याला मारू शकत नाही, कोंडून ठेवतं. मॅक्रोफेज पेशी त्याच्याभोवती दाटीवाटीने बसतात, बाहेरून लिम्फोसाइट. हा कोंडवाडा कधी कधी आयुष्यभर टिकतो. माणसाला पत्ताही नसतो. टीएनएफ हा त्या कोंडवाड्याचा राखणदार. तो हटला की पेशी पांगतात आणि आतलं सगळं मोकळं सुटतं. 2019 ते 21 या काळात केंद्र सरकारने देशभर पाहणी केली, तेव्हा पंधरा वर्षांवरच्या सुमारे 31 टक्के लोकांच्या अंगात टीबीचा संसर्ग दिसला. आजार नव्हे, संसर्ग. तुझ्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या तिघांपैकी जवळजवळ एकाच्या अंगात असा कोंडवाडा आहे.

भाची : म्हणून तर मी आधी तपासते.

मामा : तू तपासतेस. एक मुलगा आला होता माझ्याकडे, सत्तावीस वर्षांचा. कण्याचा संधिवात, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. कुठल्याशा मोठ्या शहरात त्याला इंजेक्शनं सुरू झाली. पाठ सुटली, पोरगा खूश. चौथ्या महिन्यात पोट फुगायला लागलं, संध्याकाळी ताप. छातीचा एक्स-रे लख्ख. दोन डॉक्टरांनी टायफॉइडची औषधं दिली. पोटातलं पाणी काढून तपासलं, टीबी. मी विचारलं, इंजेक्शनाआधी हातावर टोचून तपासलं होतं का? रक्ताची तपासणी? घरात कोणाला टीबी झाला होता का, असं कोणी विचारलं? नाही म्हणाला. त्याचे आजोबा टीबीने गेलेले, आणि लहानपणी हा त्यांच्याच खोलीत झोपायचा.

भाची : तो मुलगा वाचला ना?

मामा : वाचला. पण दोन आठवडे अजून गेले असते तर मला खात्री नव्हती.

आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहायला हवेत. ब्रिटनमध्ये ही इंजेक्शनं घेणाऱ्या रुग्णांची जी नोंदवही आहे तिच्यावरून 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला हिशेब असा : एक लाख रुग्णांना वर्षभर अडॅलिमुमॅब दिलं तर 144 जणांना टीबी, इन्फ्लिक्सिमॅबने 136, एटानरसेप्टने 39. आता भारतात कुठलंही इंजेक्शन न घेतलेल्या सर्वसामान्य लोकांत वर्षाला लाखामागे सुमारे 195 नवे रुग्ण होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा 2023 चा अंदाज आहे. म्हणजे इंजेक्शन घेणाऱ्या ब्रिटिश रुग्णाला जेवढा धोका, त्याहून जास्त धोका घेऊन आपला माणूस रोज रस्त्याने चालतो. परदेशातले दिलासा देणारे आकडे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

भाची : त्या आकड्यांतला फरक मात्र तुम्ही बघा, मामा. 144 आणि 39. टीएनएफ प्रथिन आधी पेशीच्या आवरणात रोवलेलं असतं. एक विकर ते कापतं, मग मोकळं झालेलं प्रथिन तिघा-तिघांच्या जुळणीने रक्तात फिरतं. प्रतिपिंडं मोकळं आणि रोवलेलं, दोन्ही घट्ट धरतात. एटानरसेप्ट हे प्रतिपिंड नाही, टीएनएफ पेशीवर जिथे चिकटतं त्या ग्राहीचाच तो सुटा तुकडा आहे. ते रोवलेल्या प्रथिनाला तितकं हात लावत नाही. कोंडवाड्याला बहुधा तेवढंच पुरतं. म्हणून ज्याच्या घरात टीबी होऊन गेलाय, त्याला मी अडॅलिमुमॅब देतच नाही. सगळ्या इंजेक्शनांना एकाच तराजूत घालू नका. आणि टीएनएफ रोखणं तुम्हाला इतकं वर्ज्य वाटतं, तर मग थॅलिडोमाइडचं काय?

मामा : त्याचं काय?

भाची : कुष्ठरोगाच्या दवाखान्यात तुम्ही मदतीला जायचात. तिथे तुम्ही स्वतः दिलंय. कुष्ठरोगावर औषध चालू असताना काही पेशंटना अचानक प्रतिक्रिया येते. ताप, अंगभर लाल दुखऱ्या गाठी, नसा सुजून हात-पाय लुळे पडायची वेळ. जेरुसलेमला जेकब शेस्किन यांना 1964 च्या सुमाराला लक्षात आलं की झोपेसाठी दिलेल्या थॅलिडोमाइडने ही प्रतिक्रिया ओसरते. का ओसरते ते 1991 मध्ये कळलं : पेशींतून निघणारं टीएनएफ ते कमी करतं. अमेरिकेत त्याला या आजारासाठी मंजुरी मिळाली तीही 1998 मध्येच, इन्फ्लिक्सिमॅबच्या वर्षी. म्हणजे टीबीच्याच कुळातले जंतू, मायकोबॅक्टेरिया, अंगात असलेल्या माणसाचं टीएनएफ तुम्हीही उतरवलंत.

मामा : उतरवलं. आणि तसा पेशंट पुन्हा समोर आला तर पुन्हा उतरवीन. गाठींनी तळमळणारा माणूस मी पाहिलाय. पण मी काय काय पाळलं तेही सांग. कुष्ठरोगाची औषधं सोबत चालू होती, म्हणजे जंतू मोकळा नव्हता. दिलं ते ठराविक काळ, सूज उतरली की कमी करत बंद. आणि मूल होण्याच्या वयाच्या बाईला नाही म्हणजे नाही, कारण त्या गोळीने हजारो मुलं हातापायांविना जन्मली हे जगाने बघितलंय. तुझं इंजेक्शन पंधरा दिवसांनी एक, वर्षानुवर्षं. माझ्या हातात औषध होतं आणि पहारा पण होता. मला पहारा हवा आहे, बाकी काही नाही.

हा मामांच्या बोलण्यातला मला सर्वांत पटलेला भाग. वादाच्या सुरुवातीला ते औषधाविरुद्ध बोलतात असं वाटतं. खरं त्यांचं म्हणणं पहाऱ्याबद्दल आहे.

भाची : मग कोलंबियाचा पेपर तुम्ही वाचलाच असेल.

मामा : तूच पाठवलास. दोनदा वाचला.

हा पेपर ‘नेचर’मध्ये 2024 साली आला. कोलंबियातल्या, नात्याने एकमेकांच्या असलेल्या दोन तरुण माणसांना पुन्हा पुन्हा फुफ्फुसाचा टीबी होत होता. तपासल्यावर कळलं की दोघांच्याही टीएनएफ जनुकाच्या दोन्ही प्रती जन्मतः निकामी आहेत. ज्या प्रथिनावर दाहाची सगळी मदार मानली गेली, ते त्यांच्या अंगात मुळात बनतच नव्हतं. आणि तरीही टीबी सोडला तर दोघं ठणठणीत होते. संशोधकांना आढळलं की टीएनएफ नसेल तर फुफ्फुसातल्या मॅक्रोफेज पेशी जंतू मारण्यासाठी लागणारे ऑक्सिजनचे तीव्र रेणू पुरेसे बनवू शकत नाहीत.

मामा : माझ्या दृष्टीने खटला तिथेच संपतो. माणसाच्या अंगात या जनुकाचं असं एकच काम दिसतं, जे दुसरं कोणी करू शकत नाही. ते म्हणजे फुफ्फुसात टीबीला अडवणं. आणि तुम्ही नेमकं तेच काढून घेता.

भाची : मी तोच पेपर उलट वाचते. जन्मापासून टीएनएफ नाही, तरी बाकीचे जंतू त्यांना लोळवू शकले नाहीत. मग माझ्या पेशंटचा धोका मुख्यतः एका ठिकाणी एकवटलेला आहे. आणि तो शोधता येतो, त्यावर आधी औषध देता येतं. ज्या धोक्याचं नाव-गाव माहीत आहे त्याला मी घाबरून बसणार नाही, त्याचा बंदोबस्त करीन.

मामा : दोनच माणसं आहेत ती.

भाची : दोनच आहेत. तुम्हीही त्या दोघांवरच खटला संपवलात.

(दोघंही हसले, आणि मामांनी मान हलवली. असे क्षण या वादात येतात म्हणून तो अजून चालू आहे.)

भाची : शिवाय टीएनएफ जास्त म्हणजे टीबीपासून रक्षण जास्त, असंही नाही ना. बडोद्यात शिकलेल्या ललिता रामकृष्णन केंब्रिजला झेब्राफिश माशांवर काम करतात. 2013 मध्ये त्यांनी दाखवलं की टीएनएफ कमी पडलं तरी मायकोबॅक्टेरिया फोफावतात, आणि गरजेपेक्षा जास्त झालं तरी मॅक्रोफेज पेशी फुटून मरतात आणि जंतू बाहेर पडून वाढतात. मेंदूच्या टीबीत तुम्ही स्टेरॉइड देता ते तरी कशासाठी? दाह आवरण्यासाठीच.

मामा : मान्य. प्रमाण हाच मुद्दा आहे. पण तुझी इंजेक्शनं अंगातलं प्रमाण मोजून दिली जातात का? नाही. सगळ्यांना एकच डोस. बरं, दुसरं सांग. साध्या गोळ्या पूर्ण डोसमध्ये देऊन बघितल्याशिवाय तुम्ही इंजेक्शनावर का जाता? 2013 सालीच अमेरिका आणि कॅनडातल्या साडेतीनशेवर रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. मेथोट्रेक्सेट या संधिवाताच्या गोळीने पुरेसा गुण न आलेले रुग्ण. एका गटाला सोबत सल्फासालाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, दुसऱ्याला सोबत एटानरसेप्ट. वर्षभरात तीन गोळ्यांचा गट इंजेक्शनाच्या मागे पडला नाही. या गोळ्या आपल्याकडे किती स्वस्त मिळतात तुला माहीत आहे.

भाची : ती चाचणी मी मानते, आणि माझ्या दवाखान्यात तसंच करते. तासगावच्या बाईंना मी आधी तिन्ही गोळ्याच दिल्या. सहा महिन्यांनी सूज निम्म्यावर आली, पण निम्मी राहिली. मग इंजेक्शन. पण तुमच्या त्या सत्तावीस वर्षांच्या मुलाचं काय? कण्याच्या संधिवातावर या गोळ्या चालतच नाहीत. मेथोट्रेक्सेट कण्याला उपयोगी नाही. दुखणं थांबवायच्या गोळ्यांनी भागलं नाही तर पुढे टीएनएफ रोखणारी इंजेक्शनं किंवा आयएल-17 हे दाहाचं दुसरं प्रथिन रोखणारी. त्याचा कणा बांबूसारखा एकसंध होऊ द्यायचा का? त्याला मान वळवून मागे बघता येणार नाही, गाडी चालवता येणार नाही.

मामा : त्याला आयएल-17 वालं द्यायचं. सेक्युकिनुमॅब. त्यात टीबीचा धोका बराच कमी दिसतो.

भाची : देते, जिथे जमेल तिथे. पण त्याच पेशंटला आतड्याचा क्रोहन असेल तर ते चालत नाही, आजार उलट वाढू शकतो. डोळ्याला सूज येत असेल तर अडॅलिमुमॅबच बरं पडतं. आणि सगळ्यांत मोठा प्रश्न पैशाचा. डिसेंबर 2014 मध्ये अहमदाबादच्या झायडसने अडॅलिमुमॅबची जगातली पहिली समरूप आवृत्ती काढली, अमेरिकेतल्या किमतीच्या पाचव्या हिश्श्यात. त्यानंतर आपल्याकडचे पेशंट कुठे या औषधापर्यंत पोहोचू लागले. तुम्ही म्हणता ते महागडं औषध सुचवणं सोपं आहे, पेशंट अर्ध्यात सोडून देतो.

मामा : स्वस्त झालं हे चांगलंच झालं. पण स्वस्त झालं तसं ते तालुक्याच्या गावी पोहोचलं, आणि तपासणी तिथवर पोहोचली नाही. माझी खरी भीती ती आहे. तुझ्यासारखे देणारे नव्हे.

भाची : तिथे मी तुमच्या बाजूची आहे. केंद्र सरकारच्या 2021 च्या टीबी प्रतिबंधक उपचारांच्या सूचनांत टीएनएफ रोखणाऱ्या औषधांवरच्या पेशंटचा स्पष्ट समावेश आहे. आधी टीबीचा आजार नाही ना ते बघायचं. मग हातावर टोचून किंवा रक्ताच्या इग्रा तपासणीने दडलेला संसर्ग आहे का ते बघायचं. असेल तर सहा महिने रोज आयसोनियाझिड, नाहीतर आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा असे 12 डोस. निदान एक महिना हे चालल्यावर इंजेक्शनाला हात लावायचा.

मामा : आणि तुझा पेशंट आधीच स्टेरॉइडवर असेल तर टोचलेली जागा अनेकदा फुगत नाही. तपासणी ‘नाही’ म्हणते, जंतू आत असतो. इग्राही अशा वेळी कधी कधी दगा देते. म्हणून कोरी तपासणी हा परवाना नव्हे. इंजेक्शन चालू असेपर्यंत विचारत राहायचं. वजन किती? संध्याकाळी अंग तापतं का? मानेला गाठ लागते का?

भाची : दर भेटीला वजन घेते मी, मामा.

मामा : घेतेस. सगळे घेतात का?

भाचीकडे या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि ते माझ्याकडेही नाही. मतभेद मात्र मिटलेले नाहीत. मामा आजही म्हणतात की ज्याच्या घरात टीबी झाला आहे त्याला टीएनएफ रोखणारं कुठलंच औषध देऊ नये. भाची म्हणते की तसं केलं तर अर्ध्या महाराष्ट्राला हे उपचार नाकारावे लागतील.

माझं मत भाचीच्या बाजूने झुकतं. सांधे गमावलेल्या माणसाला नुसत्या भीतीपोटी औषध नाकारणं हा अन्याय आहे. पण मामांची अट पाळल्याशिवाय ते देणंही तेवढाच मोठा अन्याय आहे. टीबीची तपासणी आणि घरातल्या टीबीची चौकशी केल्याशिवाय पहिलं इंजेक्शन कोणी देऊ नये आणि कोणी घेऊही नये. डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण होऊन सांगावं : आजोबांना झाला होता, शेजारच्या खाटेवर होता, लहानपणी मला झाला होता.

आणि ज्यांची इंजेक्शनं आधीच चालू आहेत त्यांच्यासाठी एवढंच. तुमच्या औषधाचं नाव इन्फ्लिक्सिमॅब, अडॅलिमुमॅब, एटानरसेप्ट, गोलिमुमॅब किंवा सर्टोलिझुमॅब असेल, तर ते एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा आणि तापासाठी, पोटासाठी, दातासाठी, ज्या कोणा डॉक्टरकडे जाल त्यांना ती दाखवा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, उतरत चाललेलं वजन, मानेत किंवा काखेत गाठ, फुगलेलं पोट, यातलं काहीही दिसलं तर पुढचं इंजेक्शन टोचून घेण्याआधी तुमच्या संधिवाताच्या डॉक्टरांना भेटा. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे एवढ्यावर समाधान मानू नका.